दोन घंटा, दोन खेपा

हेल्सवर्थ, सफोक
२ मार्च २०१५

ती. अँब्रोजमामांस,
भाची हेस्टरचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही, आणि मामीजवळ निरोप द्यावा तर ती त्यातलं निम्मं गाळून उरलेल्यात स्वतःचं घालते. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

मी नोकरी सोडली. आईला सांगितलं तेव्हा तिनं चहाचा कप ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली चर्चच्या घंटा उतरवल्या, चढवल्या. आता स्वतःच्या नावानं. कामावरची मैत्रीण फिलिपा माझ्यासोबत येतेय. तिचे दंड तुम्ही पाहिलेच आहेत. पहिलं कामही मिळालं: वेनफोर्डच्या मनोऱ्यातल्या दोन घंटा उतरवून वेल्डिंगवाल्याकडे न्यायच्या. थोरलीच्या ओठाला, म्हणजे खालच्या काठाला, तडा गेलाय, धाकटीची कडी झिजलीय. तिथल्या चर्चचे कारभारी मि. वास्प भयंकर खडूस, पण घंटांच्या धंद्यातलं तुमचं नाव ऐकताच विरघळले. म्हणाले, थर्कटलची भाची असशील तर मला दुसरं काही विचारायचं नाही. मामा, त्या क्षणी मला माझ्यापेक्षा तुमचाच अभिमान वाटला.

आता गाडी. लोस्टॉफ्टच्या एका दलालाकडे सात वर्षं वापरलेली व्हॅन बघितली. निळी, लांबलचक, छत इतकं उंच की फिलिपा आत ताठ उभी राहते. आत प्लायवूड ठोकलेलं, लोखंडी कप्पे, मागे माल उचलायचा पाळणासुद्धा. जाहिरातीत लिहिलंय, तेराशे किलो नेते. माझी थोरली घंटा सहाशे सत्तर, धाकटी चारशे चाळीस. दोन्ही एकदम बसतील! शनिवारी पैसे देऊन टाकावेत म्हणते. आशीर्वाद द्या.

मामीला नमस्कार. तुमचा लोभ आजवर पुरला, यापुढेही पुरवून वाढा.

तुमची
हेस्टर

---

क्रोमर
५ मार्च

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नोकरी सोडलीस ते बरं केलंस. तुझी आई कप उचलेल.

शनिवारी पैसे देऊ नकोस. आशीर्वाद नंतर, आधी माझं ऐक.

गाडी किती लांब आहे हे तू मला लिहिलंस, ती किती वजनाची आहे ते लिहिलं नाहीस. तेराशे हा आकडा त्या दलालानं कुठून काढला? कारखान्यातून कोरी निघालेली, आत काही न ठोकलेली, बहुधा आखूड जातीची गाडी, तिचा तो आकडा. तुझ्या निळ्या सुंदरीच्या अंगावर उंच छप्पर आहे, प्लायवूड आहे, कप्पे आहेत, पाळणा आहे. हे सगळं ती रोज वाहतेच आहे. तिच्या पोटात जागा खूप आहे म्हणून ताकदही खूप असेल असं नाही. उलटंच असतं पुष्कळदा.

दार उघडून खांबावर किंवा बॉनेटखाली कारखान्याची पाटी शोध. गाडी, डिझेल, माणसं, सामान, सगळं धरून जास्तीत जास्त किती, तो आकडा तिथे असतो. खाली पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वेगळे आकडे असतात, तेही उतरवून घे. मग टाकी भरून, कुणी आत न बसता, गाडी धान्यगोदामाच्या वजनकाट्यावर चढव. पाटीच्या आकड्यातून काट्याचा आकडा वजा कर. उरेल त्यातून तू, फिलिपा (तिला वजन विचारायचं धाडस तुझं तू कर), चेनपुल्या, जॅक, तुळया, हत्यारं. मग राहिलं ते घंटेचं.

दलाल काट्यावर न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिर.

मामी म्हणते की ती काहीही गाळत नाही. सुखी रहा, मोठी हो.

तुझा
अँब्रोजमामा

---

हेल्सवर्थ
१४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न.

तुम्ही जिंकलात. दलाल आधी हसला. म्हणाला, बाईसाहेब, व्हॅन घेताय की वजनावर डुक्कर? तरी फिलिपा नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली तेव्हा किल्ली दिली.

पाटीवर साडेतीन हजार किलो. काट्यावर, रिकामी, दोन हजार पाचशे चाळीस. म्हणजे उरले नऊशे साठ. आम्ही दोघी दीडशे (कुणाचे किती ते तुम्हाला कळणार नाही). सामान दोनशे तीस. शिल्लक पाचशे ऐंशी. मामा, त्या तेराशे किलोवाल्या गाडीत माझी एक थोरली घंटासुद्धा मावत नव्हती! दलालाला आकडे दाखवले तर म्हणाला, सगळेच थोडं जास्त घालतात. मी किल्ली परत ठेवली. वाटभर रडू येत होतं, कारण निळा रंग खरंच छान होता.

पण पुढचं ऐका. इप्सविचला एक गृहस्थ भेटले, डेस्मंड अलीन. नऊ वर्षांचे असताना बार्बाडोसहून आले, आयुष्यभर फरशा बसवल्या. आता गुडघे गेले म्हणून व्हॅन विकतायत. आखूड, बुटकी, रंग शिळ्या मोहरीसारखा, एका दाराला पोचा. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, आधी काट्यावर जाऊ, माझ्या शब्दावर जाऊ नका. पाटीवरचा आकडा कारखान्याचा, काट्यावरचा आपला. पोचा कसा पडला तेही न विचारता सांगितलं, क्लच वर्षभरात बदलावा लागेल तेही.

पाटी तीन हजार तीनशे. काटा एक हजार नऊशे नव्वद. आम्ही आणि सामान वजा जाऊन नऊशे तीस उरतात.

या गाडीनं बारा वर्षं फरशा वाहिल्या म्हणून मी वाकून मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले, खचले असतील म्हटलं. मामा, काल बसवल्यासारखे. मी चकितच झाले. तेव्हा त्यांच्या बायकोनं, मिसेस अलीननी, सांगितलं की ह्यांना सगळे ‘डबलखेप डेस्मंड’ म्हणून चिडवायचे. बाकीचे फरशीवाले एका खेपेत सगळं कोंबायचे, हे मोजून भरायचे आणि उरलेल्यासाठी परत जायचे. कधी रात्रीचं जेवण थंड व्हायचं, कधी कंत्राटदार दुसऱ्याला बोलवायचा. मी त्यांना विचारलं, कधी वाटलं नाही का की आजचा दिवस चालेल? ते म्हणाले, रोज वाटायचं, बाळ. म्हणून तर मोजायचो.

मग त्यांनी जबरदस्तीनं मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचा त्यांच्याकडचा प्रकार, खायला घातला. फिलिपानं तीनदा घेतला. माझा आकडा बदलला असावा.

असाच कान धरत रहा.

तुमची
हेस्टर

---

क्रोमर
१८ मार्च

चि. हेस्टर,
अ. उ. आ.

घे ती गाडी. मोहरी तर मोहरी.

या अलीन माणसाबद्दलचा भाग मी तीनदा वाचला. फार मोठा माणूस, हेस्टर. घंटेच्या धंद्यात मी नावाजलेले पुष्कळ पाहिले, त्यातले बरेचसे, लोक बघत असतानाच, चांगले होते. हा बारा वर्षं, कुणी बघत नसताना, टोमणे खाऊन परत माघारी जात राहिला. त्याला माझा नमस्कार सांग.

एवढं लक्षात ठेव. नऊशे तीस म्हणजे कुठेही ठेवलेले नऊशे तीस नव्हेत. घंटा अगदी मागच्या दाराशी ठेवलीस तर एकूण वजन बसेल, पण मागचा ॲक्सल हद्द ओलांडेल आणि पुढची चाकं हलकी होतील, वळणार नाहीत. मागच्या चाकांच्या थोडी पुढेच ठेव, चारही बाजूंनी बांध, आणि पहिल्यांदा भरल्यावर मागची चाकं एकटी काट्यावर घेऊन बघ. टायर त्या वजनाचे आहेत ना तेही वाच, कडेला लिहिलेलं असतं.

मामी तुझ्यासाठी मोजे विणतेय. मापाबद्दल काही बोलू नकोस.

तुझ्यावर खूश असलेला
मामा

---

हेल्सवर्थ
७ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न.

गाडी दारात उभी आहे. मि. अलीन स्वतः आणून देऊन गेले. किल्ली देताना तिच्या छतावर दोनदा थोपटलं आणि मागे न बघता बसथांब्याकडे गेले. तुमचा नमस्कार सांगितला. म्हणाले, तुझ्या मामांना सांग, मी काही विशेष केलं नाही, भित्रा आहे एवढंच.

आता एक अडचण. पुढच्या आठवड्यात गुरुवारी घंटा उतरवायच्या. त्यासाठी मनोऱ्यासमोरचा रस्ता एकच दिवस बंद करून मिळालाय, आणि वेल्डिंगवाला बावीस मैलांवर. मि. वास्प म्हणतात दोन्ही घंटा एकदम न्या, दिवसभर रस्ता अडवून गावाला कशाला ताटकळवता. मी हिशेब दाखवला: दोन्ही मिळून अकराशे दहा, माझी हद्द नऊशे तीस. एकशेऐंशी जास्त. त्यावर म्हणाले, म्हणजे दोन लठ्ठ पाद्री! दोन लठ्ठ पाद्री गाडीत बसले तर तू त्यांना उतरवशील का? चर्चची सगळी समिती हसली. आणि म्हणाले, तुझा मामा असता तर चुटकीसरशी नेल्या असत्या.

मामा, खरं सांगू? मीही डळमळलेय. पहिलंच काम. बावीस मैल, सपाट रस्ता, सावकाश जाईन. गाडीचे पाटे नव्यासारखे आहेत. एकदाच. तुम्ही काय केलं असतं?

मंगळवारपर्यंत उत्तर मिळेल तर बरं. घाई केल्याबद्दल रागावू नका.

तुमची
हेस्टर

---

क्रोमर
९ एप्रिल

चि. हेस्टर,

मी काय केलं असतं ते विचारतेस. मी काय केलं ते सांगतो.

१९७८ साली ऑक्टोबरात लिंकनशरमधल्या स्केल्डबी गावच्या दोन घंटा मी एकट्यानं आणत होतो. व्हॅनची हद्द मला पाठ होती. दोन घंटा म्हणजे तिच्यापेक्षा पावणेदोनशे किलो जास्त. तुझ्याइतकेच, जवळजवळ. शनिवार होता, संध्याकाळी नॉरिचला नाच होता आणि तुझ्या मामीनं येते म्हटलं होतं. दुसऱ्या खेपेला परत आलो असतो तर नाच चुकला असता. मीही म्हटलं, सावकाश जाईन. एकदाच.

टेकडीच्या उतारावर मागचा टायर फुटला. गाडी चरात कलली, दार उघडलं आणि लहान घंटा रस्त्यावर पडली. १६२१ साली ओतलेली. तिचे तीन तुकडे झाले. त्या वेळी समोरून कुणी सायकलवर येत असतं तर मी आज तुला पत्र लिहीत नसतो, निदान या घरातून नाही.

मी टायर बदलला, आणि तिथल्या चर्चच्या मुख्य पाद्रीला, रेक्टरला, सांगितलं की जुना तडा होता, उतरवताना उघडा पडला. त्यांनी माझा खांदा थोपटला. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाच्या हातून झालं म्हणजे होणारच होतं. त्या संध्याकाळी मी नाचालाही गेलो. गावानं तीन वर्षं खपून नवी घंटा ओतून घेतली. मीच ती चढवली. तेव्हापासून लोकांनी माझं नाव काढलं की मला ते तुकडे दिसतात. तुझ्या मामीला आज सकाळी पहिल्यांदा सांगितलं. ती अजून बागेतच आहे.

वास्पना म्हणावं, मामानं एकदा चुटकीसरशी नेल्या होत्या.

तुझा
अँब्रोज

---

हेल्सवर्थ
२० एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न.

दोन दिवस मला तुमचा राग आला होता, तो लपवत नाही. लहानपणापासून मी तुमच्या नावावर तरले.

गुरुवारी दोन खेपा केल्या. तुम्ही म्हणालात तरी मि. वास्पना तुमची गोष्ट सांगितली नाही, ती सांगायचा हक्क माझा नाही. फक्त म्हटलं, पाद्री चालत जाऊ शकतात, घंटा नाही. ते लाल झाले. म्हणाले, पुढचं काम दुसऱ्याला देईन. मी म्हटलं, द्या. थोरली आधी नेली. काट्यावर मागचा ॲक्सल हद्दीच्या आत साठ किलो. बावीस मैल जाऊन, उतरवून, परत येईपर्यंत दुपारचे अडीच. रस्ता अडलेलाच, लोक कुरकुरत उभे. आणि बघते तर मि. वास्प स्वतः अडथळ्यापाशी खुर्ची टाकून बसलेले, आणि जो कुरकुर करेल त्याला दरडावून सांगतायत की वजनाचा नियम आहे, तुला अक्कल नाही का!

राग गेल्यावर एक कळलं. तुम्ही ते पत्र लिहिलं नसतं तर मी दोन्ही भरल्या असत्या. सदतीस वर्षं सांभाळलेलं नाव तुम्ही माझ्या बावीस मैलांसाठी खर्ची घातलंत. आता मला तुमचा अभिमान आधीपेक्षा जास्त वाटतो, आणि या वेळी खऱ्या माणसाचा वाटतो.

स्केल्डबीत अजून घंटा वाजवणारी मंडळी आहेत, मी शोधलं. प्रमुख बाईंचं नाव मॉड क्रॅग. पत्ता मागे लिहिला आहे. पुढचं तुम्ही ठरवा.

तुमचीच
हेस्टर

---

क्रोमर
१२ मे

चि. हेस्टर,
अ. उ. आ.

जाऊन आलो. मामी सोबत होती. बागेतून आत आल्यावर ती एवढंच बोलली होती की नाचाला तुझे हात का थरथरत होते ते आज कळलं, मला वाटलं माझ्यामुळे.

मॉड क्रॅग बाई ऐंशीच्या घरात, काठीसारख्या ताठ. मी सगळं सांगितलं. मला ऐकू येईना म्हणून त्यांनी उत्तर लिहून दाखवलं, अक्षर मोठं आणि रागीट. लिहिलं, ती घंटा माझे आजोबा वाजवत. मग लिहिलं, हे मला नाही, सगळ्यांना सांगा, रविवारी.

रविवारी सांगितलं. आठ माणसं, घंटांच्या दोरांच्या गोलात उभी. एक तरुण मुलगी तडक बाहेर गेली. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि ते बरं झालं, मला त्याची सवय झाली नसती.

मी टोपी उचलली तेव्हा मॉड बाईंनी बाही धरली. पुन्हा लिहिलं: तुम्ही बसवलेल्या घंटेची चौकट दोन वर्षं डुलतेय, आणणार कुणाला, आलाच आहात तर बघा.

वर चढलो, हेस्टर. एकसष्ट पायऱ्या, शहात्तराव्या वर्षी. ती बाहेर गेलेली मुलगी पाना घेऊन माझ्यामागे आली. चार बोल्ट सैल होते. मी उताणा पडून ते आवळले, ती कंदील धरून होती आणि कोणता कुठे वळवायचा ते विचारत होती. खाली उतरलो तेव्हा अंगभर कबुतरांची घाण. त्यांनी तशाच अवस्थेत मला बाकावर बसवलं, चहा दिला आणि घंटा वाजवायला दोर हातात घेतले.

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. दुसऱ्या घंटेची चौकटही बघायची आहे. तू मोहरीची गाडी घेऊन येशील का? तुळया लागतील. किती ते मोजून कळवतो.

तुझा
अँब्रोजमामा