उंबरा नसलेलं घर

१२ ऑक्टोबर
नव्या घरात आलो. भवानी पेठेत उंबरा नसलेलं घर बहुधा हे एकच. उदयला त्याचाच अभिमान! माझा धाकटा भाऊ, आर्किटेक्ट. बाऊहाऊस नावाची जर्मन शाळा बंद पडून नव्वद वर्षं झाली. हा तिची इमारत चार दिवस बघून आला, तेव्हापासून आमच्याकडं नक्षी म्हणजे पाप. भिंती पांढऱ्या, खुर्च्या लोखंडी नळीच्या. बसलं की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं.

१५ ऑक्टोबर
आईनं विचारलं, उंबरा नाही तर लक्ष्मीला दार कळायचं कसं? हा म्हणाला, सपाट आहे, सरळ चालत येईल. विनोद करतो!
ज्याचा उपयोग नाही ते घरात नको – हे वाक्य त्यानं तिकडून आणलं. कवितेचा उपयोग काय, असं पोरं मला वर्गात विचारायची. ती निदान सोळा वर्षांची होती.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आईनं दारातल्या फरशीवरच हळदीकुंकवाची बोटं ओढली. उदय त्यावरून आला, गेला. बघितलंसुद्धा नाही.
आई अजून पाय उचलूनच आत येते. नसलेल्या उंबऱ्यावरून.

४ नोव्हेंबर
उदय कामासाठी परगावी. मी मैंदर्गीच्या सिद्राम सुताराला बोलावलं. सागाचा उंबरा, चांगला उंच. बसवताना त्यानं विचारलं, "बाई, सायबास्नी इचारलंय न्हवं?" मी हो म्हटलं.
संध्याकाळी आईनं कुंकू लावलं. कितीतरी वेळ तिथंच उभी होती.

६ नोव्हेंबर
उदय आला तो ठेचकाळतच! दोन्ही हातांनी अंगठा धरून म्हणाला, "ताई, हे काढायचं." मी म्हटलं, आई आहे तोवर नाही. तो निमूट आपल्या पांढऱ्या खोलीत गेला. एवढीच त्याची शाळा – एका लाकडापुढं गार.

१९ नोव्हेंबर
आईला अर्धांगवायूचा झटका. डावी बाजू गेली.

२ डिसेंबर
आईला घरी आणलं. चाकाची खुर्ची उंबऱ्याला अडली. उदयनं आणि मी उचलून बघितली. खुर्ची कलली, आई घाबरली. पुन्हा खाली ठेवली. उदय माझ्याकडं बघेना. आईनंच बघितलं. जीभ जड झाली आहे, तरी शब्द कळले.
"काड की गं त्यो. आत यायचंय मला."