सहाशे बारामधल्या वहिनी

७ नोव्हेंबर, शुक्रवार. फ्रीमाँट.
सकाळी सातला उठलो. बॅग भरली. दुपारी गॅरेज झाडलं. रात्री फ्लाइट. बँकॉक, एकटा.
शुभाला जाऊन आठ महिने झाले. मी पूर्ण सावरलेलो आहे. अडचण लोकांची आहे. इंडियन स्टोअरमध्ये, मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी गाठतं, खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, अरेरे. परवा डेंटिस्टकडे तर माझं तोंड उघडं असताना तिथली मोना अरेरे म्हणाली. उत्तरही देता आलं नाही.
बँकॉकमध्ये मला कोणी ओळखत नाही. म्हणून बँकॉक.
संकल्प. एक, कोणाला काही सांगायचं नाही. दोन, इंडियन ग्रुपपासून लांब राहायचं. तीन, स्प्रेडशीटमधली बावीस ठिकाणं बघायची.
आश्लेषाचा रेडमंडहून फोन. बाबा, आर यू शुअर? म्हटलं, शंभर टक्के.

९ नोव्हेंबर, रविवार. बँकॉक.
आठ तारीख विमानातच गेली. हॉटेल मी आठपासून बुक केलं होतं. आलो नाही म्हणून त्यांनी कॅन्सल केलं. तीस वर्षं पुण्याच्या टीमबरोबर रात्री-अपरात्री कॉल केले आहेत. टाइम झोन मला कोणी शिकवायला नको. चूक त्यांच्या सिस्टिमची.
शेवटी खोली मिळाली. ६१२, डबल बेड. सिंगल शिल्लक नव्हती.
झोपलो. ठिकाणं: शून्य. उद्या सहा करून भरून काढीन.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
ब्रेकफास्टला शेजारच्या टेबलवर मराठी. वेस्ट विंडसर, न्यू जर्सीचा चौदा जणांचा ग्रुप. मी मान खाली घालून खात होतो. तरी एक बाई आल्याच. शोभाताई, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, मराठी ना? चेहऱ्यावरून कळतं. मग टेबलकडे बघून म्हणाल्या, दोन चहा? वहिनी कुठे आहेत?
मी दोन चहा आणले होते. हॉटेलचे कप लहान असतात.
म्हणालो, खोलीत आहे. पाय दुखतायत.
विषय संपला. अत्यंत सफाईने हाताळलं.

रात्री ८.
विषय संपलेला नाही. अकरा वाजता मी नदीवरच्या बोटीच्या रांगेत होतो. मागून शोभाताईंची हाक. अहो, वहिनींना एकटं टाकून फिरताय? त्यांनी मला टॅक्सीत बसवलं आणि ड्रायव्हरला हातवारे करून सांगितलं, वाटेत कुठे थांबायचं नाही.
दुपारी त्या माझ्याकडे आल्या. वहिनींसाठी मऊ भात करायचा होता. त्यांनी न्यू जर्सीहून छोटा राइस कुकर आणलाय. इथे चालेल का? मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. म्हटलं, अ‍ॅडॉप्टरमध्ये प्लग बसला की चालतो. त्यांच्या खोलीत लावला, प्लग बसला. कुकर जळला. पूर्ण मजल्याचे दिवे गेले. अमेरिकेत ११० व्होल्ट, इथे २२०. मला माहीत होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही.
शोभाताई सरळ हॉटेलच्या किचनमध्ये शिरल्या. अर्ध्या तासात मऊ भात, वर तूप, मेतकूट, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. वाटी ६१२ च्या दारात माझ्या हातात दिली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, गरम आहे तोवर भरवा.
टाकून देणं बरोबर नव्हतं. खाल्ला. ठिकाणं: शून्य. रांग धरली तर पाव.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
लवकर सटकायचं ठरवलं होतं. साडेसहाला लॉबीत शोभाताई योगासनं करत होत्या. त्यांनी हातात दिलेली वाटी, बाम आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन परत वर.
दिवसभर थाई टीव्ही बघितला. एका मालिकेत सासू सुनेवर चिडली आहे. भाषा येत नसूनही सगळं समजलं. ग्रहणशक्ती अजून उत्तम आहे.
संध्याकाळी पुन्हा भात. आज जिरं घातलं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
मागच्या जिन्याने निसटलो! झोपलेला बुद्ध बघितला. फार लांब आहे. पायापाशी उभा होतो, तेवढ्यात शोभाताईंचे यजमान विष्णूराव समोर. हातात नारळाचं आइसक्रीम, मिशीलाही आइसक्रीम. मी दचकलो, तेही दचकले. म्हणाले, माझी शुगर तीनशे आहे, हिला बोलू नका यार. मीही तुम्हाला पाहिलं नाही. दोघांनी शेकहँड केला.
ते मग म्हणाले, वहिनी चिडत नाहीत का, तुम्ही एकटे फिरता म्हणून?
म्हटलं, नाही. ती कधीच चिडायची नाही.
घाईने दुरुस्त केलं, चिडत नाही. त्यांचं लक्ष आइसक्रीमकडे होतं.
ठिकाणं: एक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
शोभाताई वहिनींना भेटायलाच आल्या. दारातून ओरडून सांगितलं, आंघोळीला गेली आहे. खरं वाटावं म्हणून शॉवर सोडला. म्हणाल्या, थांबते. वीस मिनिटं त्या बाहेरून शॉवरशी बोलत होत्या. वहिनी, पाय कोमट पाण्यात ठेवा. वहिनी, आमच्या चैत्रालीच्या लग्नाचे फोटो आणलेत. शेवटी मी दार थोडं उघडून सांगितलं, तिला चक्कर आली, झोपते आहे. ही चूक झाली असावी. तासाभरात लिंबू सरबत, इलेक्ट्रॉल आणि ग्रुपमधले एक रिटायर्ड डॉक्टर. डॉक्टरांना थोपवण्यात दुपार गेली.
उद्या रात्री ते परत जातात. उद्याचा दिवस काढला की जिंकलो. इथे आल्यापासून एकही अरेरे नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
सकाळी दहा. दारावर टकटक. शोभाताई साडीत, पायात स्नीकर्स. हातात ब्रेकफास्टचा ट्रे. त्यात खण, तांदूळ, हळदीकुंकू, नारळ. मागे विष्णूराव, घामाघूम. दोनदा शहाळं आणलं म्हणून बोलणी खाऊन तिसऱ्या खेपेला खरा नारळ मिळवला होता. शोभाताई म्हणाल्या, सवाष्णीला अशी कशी जाऊ देऊ? त्यांना उठायला नको, मी बिछान्यावरच ओटी भरते.
माझं उत्तर तयार होतं. ती आधीच्या फ्लाइटने पुढे गेली. रात्री पाठ केलं होतं.
तेवढ्यात त्या म्हणाल्या, अहो, पाच दिवस नुसतं वहिनी वहिनी चाललंय. नाव काय त्यांचं?
म्हटलं, शुभा.
मग पाठ केलेलं आठवेना. म्हणालो, शुभा मार्चमध्ये वारली.
त्यांनी खोलीत पाहिलं. पलंगाची एक बाजू चुरगळलेली, दुसरी तशीच.
म्हणाल्या, मग माझा भात रोज कोण खात होतं?
मी.
लोणच्याची फोडसुद्धा?
हो.
विष्णूराव मागून म्हणाले, बघ, मी म्हणत होतो, आजारी माणूस एवढं खात नाही.
तुम्ही गप्प बसा, असं म्हणून शोभाताई कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मीच पाणी आणून दिलं. मग उठल्या, ट्रे विष्णूरावांकडे दिला आणि मला म्हणाल्या, खोटारडे आहात तुम्ही. दुपारी जेवायला खाली या. मऊ भात मिळणार नाही.
लॉबीत बातमी आधी पोचली होती. लग्नाच्या रिसेप्शनसारखी लाइन. एकेकाने पुढे येऊन हात हातात घेतला. अरेरे. अरेरे. रिटायर्ड डॉक्टर दोनदा आले. शेवटी हॉटेलच्या दरवानालाही काहीतरी घडलंय असं वाटलं, त्यानेही शेकहँड केला.

१६ नोव्हेंबर, रविवार. फ्रीमाँट.
काल पोचलो. एकंदरीत ट्रिप यशस्वी. ठिकाणं साडेतीन, त्यातली अडीच एअरपोर्टच्या टॅक्सीतून.
दुपारी आश्लेषाचा फोन. कोणी भेटलं का, विचारत होती. म्हटलं, न्यू जर्सीचे लोक होते, चांगले होते. म्हणाली, डिड यू टेल देम? अबाउट आई? म्हटलं, हो, पहिल्याच दिवशी.
ती म्हणाली, दॅट्स गुड, बाबा. माझी नवीन टीम आहे ना, तिथे मी अजून कोणालाच सांगितलं नाहीये. लंचला सगळे आईबद्दल विचारतात, मी म्हणते, शी इज फाइन.
मी म्हटलं, त्यात अवघड काही नसतं. सरळ सांगून टाकायचं.
ओके, म्हणाली. मग दोघंही फोन धरून होतो. शेवटी तिने ठेवला.
उद्या कचऱ्याची गाडी येते. अंधार पडायच्या आत दोन्ही बिन बाहेर नेऊन ठेवले.