क्रोमची वाफ

१६ जून
बेळगाव सुटलं, मराठी काही सुटली नाही. इकडे धारवाडजवळ उणकलला माडीवर खोली मिळालीय. खालच्या मालकीणबाई वेणूबाई मराठीत बोलायला लागतात, कन्नडमध्ये रागावतात आणि परत मराठीत चहा देतात. मी रायापूरच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी झाले! तिथे पितळी नळांना क्रोमचा मुलामा देतात. माझं टेबल मुलाम्याच्या हौदांच्या शेडला लागूनच आहे. कारखान्याचे डॉक्टर मुकुंदराव धारवाडचे, आपल्यातलेच निघाले. पोह्यांचा डबा पुढे केला त्यांनी. जिवाला बरं वाटलं.

२ जुलै
पाळी सुरू होताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. गूळ खाल्ला की हौदांची वाफ बाधत नाही, म्हणे. मी मास्क मागितले तर मॅनेजर श्रीहरी हसले, गूळ आहे की, म्हणाले. मीही खाते. कोल्हापुरी असावा, छान आहे.

११ ऑगस्ट
हौदावरच्या हणमंतअण्णांनी आज नाक वर करून दाखवलं. वाफेने मधला पडदा आरपार गेलाय, एका नाकपुडीतून दुसरीतला उजेड दिसतो. डॉक्टरांच्या कागदावर कारण काय, तर तपकिरीची सवय. अण्णांनी जन्मात तपकीर ओढलेली नाही. कामाने जडलेला रोग डॉक्टरने सरकारला कळवायचाच असतो, आणि भरपाई हा अण्णांचा हक्क आहे, भीक नव्हे. अण्णांच्या बाजूने मी अर्ज करणार. मुकुंदरावांकडून हे मॅनेजरनेच लिहून घेतलं असणार. ते तसे नाहीत.

३ सप्टेंबर
अर्ज गेला आणि वारं फिरलं. मी आले की लोक बोलायचे थांबतात. फाटकावर माझी पर्स उघडून बघतात. श्रीहरींनी फार मायेने विचारलं, उणकलला एकट्याच राहता ना. यांना कोणी सांगितलं? मांजर उगाच पायात घोटाळत नाही.

१९ ऑक्टोबर
दूध करपून कोळसा झालं. खालून वेणूबाई धावत आल्या, नाक गहाण टाकलंय का म्हणून ओरडल्या. मी शेगडीजवळच बसले होते. नंतर जाई हुंगली, हिंग हुंगला. काहीच नाही. फार घाबरले. तशीच मुकुंदरावांकडे गेले. आपला माणूस, त्याच्यापुढे मराठीत रडता येतं. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, अगदी कशाचाच वास येत नाही?

२८ ऑक्टोबर
सोमवारी सुनावणी. साक्ष माझीच. अण्णा म्हणाले, अक्का, तुम्ही नसला तर माझं कोण ऐकतंय. मुकुंदराव समोरून गेले, नजरेला नजर दिली नाही. श्रीहरी मात्र हसले. का?

३० ऑक्टोबर
आत्ताच आले. समई लावली. स्वयंपाकघरात नवा सिलिंडर — मी मागवला नव्हता. वेणूबाई म्हणाल्या, कारखान्याचा माणूस बसवून गेला, किल्ली मीच दिली. तुमच्या डॉक्टरांनी पाठवला, किती काळजी करतात, म्हणाल्या.
डॉक्टरांनी —
खिडक्या सगळ्या लावलेल्या. मी तर उघड्या —
डोकं जड झालंय.
वेणूबाई जिन्यातून ओरडतायत. वास येतोय म्हणे, गॅसचा — मला कुठला येणार —
समई. जमिनीवर, अजून तशीच पेटलेली —