कापलेल्या दोन ओळी

न्यूयॉर्क बंदर, ४ मार्च १९१३

ती. गोबनेट आत्यास,
फिनबारचा जहाजावरून वाकून नमस्कार, वि. वि.

तुझा सोडा घातलेला पाव चौथ्या दिवशी दगड झाला, तरी खाल्ला. आता मुख्य बातमी ऐक. तुझ्या भाच्याने कप्तानाला नाही म्हटले!

झाले असे. बेलफास्टचा हॅडन नावाचा गिरणीमालक पहिल्या वर्गाने येत होता. त्याच्या गिरणीत संप चालू आहे. त्याचीच एक विणकरीण, सेडी टेगार्ट, संपाला अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा पाठिंबा मिळवायला तिसऱ्या वर्गात बसलेली. तिने माझ्याकडून बिनतारी संदेश पाठवला. हॅडनला तो वाचायचा होता, आणि तो जेवतो कप्तानाच्या टेबलावर.

कप्तानांनी येऊन संदेश दाखवायला सांगितले. मी म्हटले, यंत्राला हात लावण्याचा माझा दाखला पोस्टमास्तर जनरलने दिलेला आहे, आणि दुसऱ्याचा संदेश कुणाला कळू देणार नाही अशी शपथ घेतल्यावरच दिला आहे. ते म्हणाले, या जहाजावर देवाच्या खालोखाल ते. मग मी देवालाही दाखवणार नाही, असे माझ्या तोंडून निघून गेले.

त्यांनी माझे लिहायचे पॅड नेऊन वरच्या कोऱ्या पानावर पेन्सिल घासून पाहिली, अक्षरांचे वळ उमटतील म्हणून. पण कागदाखाली पत्रा ठेवून लिहायचे हे तू मला सातव्या वर्षीच शिकवलेस. एक वेलांटीही मिळाली नाही! आता लिव्हरपूलला परतल्यावर पोस्टाच्या निरीक्षकांकडे माझी तक्रार होणार. दाखला गेला तर कुठलेच जहाज मला घेणार नाही.

तुला म्हणून सांगतो, काय धीराची बाई! तिने लिहिले होते की

*(इथे दोन ओळींएवढा कागद कापलेला आहे.)*

आईला यातले काही सांगू नकोस. तुमचे बोलणे नाहीच म्हणा. लोभ या फजितीनंतरही शिल्लक ठेव.

तुझा,
फिनबार


कारिगमोर पोस्ट ऑफिस, १४ मार्च १९१३

चि. फिनबारास,
आत्याचे आशीर्वाद, आणि कान धरून चार शब्द.

गाढवा! कप्तानाला दाखवले नाहीस आणि मला लिहून मोकळा झालास? आत्याला सांगितले तर चालेल, असे शपथेत कुठे आहे? त्या दोन ओळी मी कात्रीने कापून चुलीत घातल्या. उरलेले पत्र परत पाठवते आहे. भोक नीट बघ.

तुझी आई माझ्याशी का बोलत नाही, हे तू कधी विचारले नाहीस. आता सांगते. तुझा बाप मॅकेरेल मासळीच्या हंगामात किन्सेल बंदरात गेला होता. त्याची होडी बुडाल्याची तार माझ्याच यंत्रावर आली. माझा सख्खा भाऊ! तार होती तुझ्या आजोबांच्या नावे, आणि ते रानात जळणासाठी दलदलीतली पीट माती काढत होते. त्यांना बोलवायला माणूस धाडला, तोच तुझी आई पोस्टाचे तिकीट घ्यायला आली. नवऱ्याला पत्र टाकायचे होते तिला.

मी तिकीट दिले. ती मॅकेरेलच्या भावाबद्दल गप्पा मारत उभी राहिली आणि मी हो ला हो करत राहिले. पाऊण तासाने आजोबा आले. या गोष्टीला बारा वर्षे झाली. तेव्हापासून ती तिकिटासाठी पाच मैल चालत शल गावच्या पोस्टात जाते. मी नणंद नव्हते, पोस्ट होते, असे ती म्हणते. मला वाईट वाटते का? रोज वाटते. पुन्हा तशीच वेळ आली तर? तशीच गप्प बसेन.

तेव्हा लिव्हरपूलला ताठ उभा राहा आणि विचारतील त्याचे खरे उत्तर दे. ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू आहेत, पण तुझ्यावर रागवायला अंगात जोर आहे. लोभ आहेच, त्याची उगाच चौकशी करू नकोस.

आत्या


लिव्हरपूल, २७ मार्च १९१३

ती. आत्यास,
तुझ्या बिनदाखल्याच्या भाच्याचा नमस्कार, वि. वि.

आज पोस्टाच्या निरीक्षकांपुढे चौकशी झाली. संदेश केव्हा पाठवायचा, आधी कुठला, हे कप्तान ठरवू शकतात. वाचू मात्र शकत नाहीत, असे त्यांनी कप्तानांना तोंडावर सांगितले. तक्रार फेटाळली. मी टोपी उचलणार, इतक्यात निरीक्षकांनी सहज विचारले की मी तो संदेश कुणालाच सांगितला नाही ना?

नाही म्हटले असते तर संपले होते. ओळी चुलीत गेलेल्या. पण मला ते पोस्टाचे तिकीट आठवले. मी म्हटले, सांगितला. आत्याला.

सहा महिने दाखला बंद. कप्तान खो खो हसले, आणि हसता हसता त्या ओळी काय होत्या हेही विचारून बघितले. ते आता चुलीला विचारा, असे म्हणून मी बाहेर पडलो. दाखला मिळेतोवर गोदीत ओझी वाहीन. मान खाली घालणार नाही.

एक गुन्हा मात्र कबूल. आईला मी सगळे लिहिले आहे, त्या पाऊण तासाचे तुला रोज वाईट वाटते त्यासकट. हवे तेवढे रागव, पण लोभ कापू नकोस.

फिनबार


कारिगमोर, ३ एप्रिल १९१३

चि. फिनबारास,
आशीर्वाद. या वेळी कान सोडला आहे.

काल तुझी आई पोस्टात आली. बारा वर्षांनी. तुला पत्र टाकायला तिकीट हवे म्हणाली. मी दिले.

मग तिने विचारले की त्या विणकरणीने असे लिहिले तरी काय होते, ज्यापायी पोराचा दाखला गेला. मी म्हटले, सांगणार नाही. मला वाटले, आता जाते ही पुन्हा शलला. तर काउंटरवर कोपर टेकून म्हणाली की पोरगा आत्यावर गेला, मेल्याला दुसरे कुणी मिळाले नाही. आणि मॅकेरेलचा यंदाचा भाव काढून बोलत बसली. मला हो ला हो करता येईना. मी तिच्या देखत रडले, आणि ती बोलायची थांबली नाही.

सप्टेंबरात दाखला परत मिळाला की त्याच कप्तानाच्या जहाजावर अर्ज कर. कागदाखालचा पत्रा मी पाठवते. लोभ आता दोघींचा आहे.

आत्या