सोनिवली येथे स्पेसपोर्ट होणार नसल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सहायक नगररचनाकार साहेब,
वाढीव हद्द नियोजन कक्ष,
दुसरा मजला, बदलापूर.

विषय : आजोबांच्या शेतावर रॉकेट उतरणार नाही, असा गोल शिक्क्याचा दाखला शुक्रवारच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १० नोव्हेंबरचा अर्ज, आवक क्र. ३१७.
२) त्या अर्जासोबतचा नकाशा. यावरही आवक क्र. ३१७ चा शिक्का मारलेला आहे. (सगळा घोळ इथूनच वाढला.)

महोदय,

मी खाली सही करणार कु. नेत्रा महेश गायकर, इयत्ता नववी ब, राहणार सोनिवली, आपणांस सविनय कळविते की, मी एका शहराची महापौर आहे. शहर खरे नाही. पण त्याच्यामुळे जे चालू आहे ते सगळे खरे आहे, म्हणून हा दुसरा अर्ज.

१. ‘महानगर २२२२’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यात दोनशे वर्षांनंतरचे शहर उभारायचे असते. आपल्या आवडीच्या जागेचा उपग्रह नकाशा त्यात टाकता येतो. बाकी मुलांनी दुबई, टोकियो वगैरे घेतले. मी सोनिवली घेतले, कारण इथली प्रत्येक बांधावरची वाट मला पाठ आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी ४१,३०६ लोक वसवले, हवेत चालणारी बस काढली आणि पाण्याची सोय चंद्रावरून केली. तिथून बर्फ घेऊन यान येते, ते स्पेसपोर्टवर उतरते. आंतरशालेय स्पर्धेत दोनशे बारा शहरांमधून माझे शहर अंतिम दहात आले आहे. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, पण दुसरे कोणी सांगत नाही म्हणून.

२. शाळेच्या फलकावर लावण्यासाठी मी शहराचा मोठा रंगीत नकाशा उल्हासनगर कॅम्प १ मध्ये मुकेशशेठ यांच्या दुकानात छापला. साहेब, गेममध्ये घरांचा रंग पिवळा, झाडांचा हिरवा आणि स्पेसपोर्टचा जांभळा असतो. हे रंग मी निवडलेले नाहीत. पण आमच्या भागात पिवळा, हिरवा, जांभळा हे रंग कोणालाही शिकवावे लागत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही विकास आराखड्यातला पिवळा म्हणजे घरे, जांभळा म्हणजे कारखाना आणि जांभळ्यात आपले शेत आले म्हणजे गेले, एवढे कळते. मुकेशशेठनी नकाशा गुंडाळता गुंडाळता आवाज बारीक करून विचारले, “बेटा, ये पब्लिक हुआ है क्या अभी?” मी म्हणाले, शुक्रवारी होईल. मला शाळेचा फलक म्हणायचा होता. त्यांनी एक प्रत स्वतःसाठी काढून घेतली.

३. मुकेशशेठकडून तो नकाशा सुयोग यांच्याकडे गेला. सुयोग हे आमच्या भागात प्लॉट दाखवण्याचे काम करतात. संध्याकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर ‘नवीन डीपी (म्हणजे विकास आराखडा) फुटला’ या नावाने फिरत होता. दुसऱ्या दिवशी सुयोगचा बोर्डही लागला : स्पेसपोर्टपासून पाच मिनिटांवर, मोजकेच प्लॉट शिल्लक.

४. त्याच दिवशी शेजारचे हिंदुराव काका सातबारा घेऊन आमच्या ओट्यावर आले. जांभळा त्यांच्या शेतावर होता. मी त्यांना पंचवीस मिनिटे समजावले की हा गेम आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गेम असू दे गं, पण माझ्यावरनं काढ.” मला दया आली. मी दोन क्लिकमध्ये स्पेसपोर्ट उचलून पलीकडे ठेवला. महोदय, ही माझी चूक झाली. एकदा हलतो म्हटल्यावर तो सगळ्यांनाच हलवून हवा झाला. पलीकडे धर्मराज मामांचे शेत आहे. ते संध्याकाळी आले आणि सोबत चार माणसे घेऊन आले.

५. मग मी रीतसर सुनावणी ठेवली. तीन दिवस, सायंकाळी पाच ते सात, आमच्या ओट्यावर. एकूण तेरा हरकती आल्या. त्यांपैकी बारा हरकतींत म्हणणे एकच होते की स्पेसपोर्टला विरोध नाही, उलट गावाचे नाव होईल, फक्त तो दुसऱ्याच्या शेतात असावा. तेरावी हरकत हवेतल्या बसचा थांबा दारात मिळावा अशी होती, ती मी मंजूर केली. पप्पा सुरुवातीला हसत होते. दुसऱ्या दिवसापासून चहा तेच करू लागले आणि लोकांना नंबराने आत सोडू लागले.

६. हे थांबावे म्हणून मी दि. १० रोजी आपल्या कार्यालयात आले. हा नकाशा सरकारी नाही एवढे लिहून द्या, असा साधा अर्ज होता. आवक खिडकीवरील साहेबांनी अर्जावर शिक्का मारला आणि जोडलेल्या नकाशावरही मारला. मी म्हटले, त्याच्यावर नको. ते म्हणाले, जोडपत्र आहे, मारावाच लागतो. नंतर त्यांनी नकाशा जरा जवळ घेऊन, मोरिवलीकडे त्यांच्या सासरेबुवांची जागा आहे, तिच्यावरून तुझा रिंगरोड जातो का, असे विचारले. मी जात नाही म्हणाले. खरे म्हणजे जातो. त्या दिवशी मी फार दमले होते.

७. शिक्का मारलेल्या नकाशाचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर आला. आता तो ‘फुटलेला’ राहिला नाही, ‘मंजूर’ झाला. आपल्या कार्यालयाने अफवा खोडण्याऐवजी तिला नंबर दिला, साहेब. मी राग धरलेला नाही. पण झाले असे.

८. आता जागेचा प्रश्न. गेमच्या नियमाप्रमाणे स्पेसपोर्टला सपाट जमीन आणि जवळ पाणी लागते. अशा जागा माझ्या नकाशात पाचच आहेत. त्यांपैकी तीन जागांवरून हरकती येऊन गेल्या. चौथी जागा आमचे आजोबा, हरिचंद्र गायकर यांचे शेत. ते ओट्यावरच बसलेले असायचे, पण हरकत घेत नव्हते, कारण त्यांना वाटत होते की नात सरकारात आहे म्हटल्यावर आपल्यावर काही येणार नाही. मला ते बरोबर वाटले नाही. मी शुक्रवारी स्पेसपोर्ट आमच्याच शेतावर ठेवला आणि सुनावणी बंद केल्याचा कागद दारावर लावला.

९. शनिवारी सकाळी हिंदुराव काकांनी आजोबांना आनंदाने ही बातमी दिली. आजोबा घरात आले आणि मला म्हणाले, “बाय, माजे शेतान यो जांभला कनी टाकला?” मी म्हणाले, मी. त्यांनी लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवून चावी करगोट्याला बांधली. आता त्यांच्या अटी दोन आहेत. एक तर स्पेसपोर्ट उचल, नाहीतर तुझ्या सायबाचा गोल शिक्क्याचा कागद आण, की आपल्या शेतात काही येत नाही. पप्पांनी आणि मम्मीने मध्ये पडून पाहिले. त्या दोघांचे मोबाइल थोडक्यात वाचले.

१०. शुक्रवार दि. २१ रोजी सायंकाळी पाच वाजता परीक्षक माझे शहर उघडून बघणार आहेत. तोपर्यंत ते जिवंत असले पाहिजे. गेम माझ्यासाठी थांबत नाही. दर आठ तासांनी बर्फाच्या यानाला उतरण्याची परवानगी मला द्यावी लागते आणि ते लॅपटॉपवरच जमते. मम्मीच्या मोबाइलवर फक्त तक्रारी दिसतात. आज सकाळी पाणी दिवसाआड केल्याबद्दल माझ्यावर मोर्चा निघाला. ९,००० नागरिक अंबरनाथच्या एका स्पर्धकाच्या शहरात निघून गेले. तिथे म्हणे शनिवारी पण शाळा असते, तरी गेले. यावरून परिस्थिती किती गंभीर आहे ते आपल्या लक्षात येईल.

११. आपण म्हणाल, मुली, मग दे ना उचलून. आजोबा कपाट उघडतील, पाचव्या जागेवर दोन क्लिकमध्ये ठेव, विषय संपला. घरात आणि ओट्यावर सगळ्यांचे हेच मत आहे. पाचवी जागा विठाआजींची आहे. त्या एकट्याच असतात आणि त्यांचा भाजीचा एवढासा तुकडा आहे. “विठाचे तिथं टाक, ती काय बोलायची नाय,” असे मला सात जणांनी वेगवेगळे येऊन सांगितले. आजोबांनी पण. त्या खरेच बोलल्या नाहीत. त्या सुनावणीला आल्याच नाहीत, कारण त्यांना कोणी कळवलेच नव्हते. मी सुनावणीचा कागद आमच्या दारावर लावला होता, आणि त्यांना वाचता येत नाही.

१२. म्हणून रविवारी मी स्वतः त्यांच्याकडे गेले. त्या वालाच्या शेंगा निवडत होत्या. मी सगळे नीट सांगितले : खोटे शहर, खोटे रॉकेट, नुसता कागद आहे आजी, घाबरू नका. त्यांनी शेंगा निवडणे थांबवले नाही. म्हणाल्या, “कागदावर आला का येतूच, बाय. मागचे टायमाला रस्ता पन पयले कागदावरच आलता.” त्यांचा तुकडा एवढासा का आहे, ते मला त्या दिवशी कळले. मी शेंगा निवडायला बसले. दुसरे काय करणार.

१३. आणि हे नुसते मनाला लागण्यापुरते नाही. धर्मराज मामांवर जांभळा दोनच दिवस होता, तेवढ्यात सुयोग गिऱ्हाईक घेऊन त्यांच्या दारात गेले होते, की जमीन जाण्याच्या आत विकून मोकळे व्हा. मामांना चार माणसे गोळा करता येतात. विठाआजींकडे सुयोग गेले तर शिक्क्याचा नकाशा दाखवतील आणि अंगठा घेतील. तो शिक्का आपला आहे आणि जांभळा माझा आहे. त्यामुळे मी स्पेसपोर्ट हलवणार नाही. शहर मेले तरी चालेल, असे लिहिणार होते, पण चालणार नाही, साहेब. मला ते जिंकायचे आहे. म्हणून दाखला द्यावा.

१४. आपला वेळ जाऊ नये म्हणून दाखल्याचा मसुदा मीच करून आणला आहे. तो असा : “दाखला देण्यात येतो की, आवक क्र. ३१७ सोबतचा नकाशा हा शाळकरी मुलीने खेळात काढलेला असून तो या कार्यालयाचा नाही. मौजे सोनिवली येथे कोणाच्याही शेतावर स्पेसपोर्ट प्रस्तावित नाही. सदर नकाशा दाखवून कोणी जमीन मागितल्यास त्यास हाकलून द्यावे.” शेवटचे वाक्य सरकारी भाषेत कसे लिहितात ते मला माहीत नाही, ते आपण बघावे. खाली सही आणि शिक्का. आजोबा मजकूर वाचणार नाहीत, ते शिक्का गोल आहे का तेवढे बघतील. पण मजकूर मी ओट्यावर मोठ्याने वाचणार आहे.

१५. माझ्या अर्जाचा राग येऊन, किंवा खरोखरच, आपल्याकडे उद्या असे काही निघाले आणि ते विठाआजींच्या तुकड्यावर आले, तर कृपया नोटीस फलकावर लावून थांबू नये. कोणीतरी माणूस पाठवावा. त्या दुपारी दोनपर्यंत भाजी विकायला बाजारात असतात, त्यानंतर घरी. हाक मोठ्याने मारावी लागते.

दाखला घ्यायला मी उद्या शाळा सुटल्यावर येते आणि मिळेपर्यंत जिन्यात बसते.

आपली नम्र,
(सही)
कु. नेत्रा महेश गायकर
महापौर (सध्या कपाटाबाहेर)
सोनिवली

सोबत :
१) दाखल्याचा मसुदा, दोन प्रती.
२) तेरा हरकती, मूळ प्रतीत. बाराव्या हरकतीवर चहा सांडला आहे.
३) सुयोग यांच्या बोर्डाचा फोटो.
४) नकाशा जोडलेला नाही. मागितला तरी देणार नाही.