लिगियाचं कलम

वॉशिंग्टन,
९ फेब्रुवारी २००२

ती. आर्नुल्फोदादास,
धाकट्या लिगियाचा सा. नमस्कार. मी इकडे खुशाल. तिकडे तू, डेयानिरावहिनी आणि तुझी ती झुपकेदार मिशी तिघंही खुशाल असाल असं धरून चालते.

वि. वि. बातमी अशी की, झालं एकदाचं! इथले खासदार दर वर्षी आपल्या देशाला कोकेन ज्यापासून बनतं तो कोका नष्ट करण्यासाठी मदत मंजूर करतात आणि त्याच पैशातून विमानं येऊन आपल्या पुतुमायो प्रांतावर विष फवारतात, हे तुला मी काय सांगू! पण यंदाच्या कायद्यात एक नवं कलम आहे. ज्या शेतकऱ्याने सरकारशी करार करून आपला कोका स्वतःच्या हाताने उपटला, त्याच्या शेतावर फवारायचं नाही. चुकून फवारलंच तर तक्रार तपासून भरपाई द्यायची. आणि हे सगळं पाळलं जातंय असं इथल्या परराष्ट्र खात्याने लिहून दिल्याशिवाय फवारणीचे पैसे सोडायचे नाहीत.

हे कलम मी लिहिलंय, दादा. सांता क्लारा वस्तीवरच्या पोरीने! मी ज्यांच्या कचेरीत काम करते ते खासदार विटकोमसाहेब मदत मंजुरीच्या समितीवर आहेत, त्यांनी त्यात फक्त एक स्वल्पविराम बदलला.

तेव्हा आता हट्ट पुरे. करारावर सही कर, कोका उपट, मिरी लाव. आई असती तर तिने तुझा कान धरून सही करवली असती. वहिनीचा माझ्यातर्फे गालगुच्चा घे. लोभ आहेच, पण तो पत्रातूनही दिसू दे. दोन ओळींत गुंडाळू नकोस.

तुझी,
लिगिया

सांता क्लारा, पुतुमायो,
२३ जून २००२

चि. लिगियास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचलं, मिशीचा मजकूर वगळून. ओढ्याच्या अलीकडच्या सगळ्यांनी सह्या केल्या. पलीकडचे हसले आणि घरी गेले.

शेजारच्या ओतिलियाकाकू मात्र तयार होईनात. म्हणाल्या, कागद तिकडे लिहितात आणि विष इकडे पडतं. त्यांचा कोक्याचा तुकडा तो केवढा, पण त्यांच्या साखरेच्या आजाराची इंजेक्शनं त्यावरच चालायची. मी शब्द दिला की हा कायदा आपल्या लिगियाचा आहे. त्यावर म्हणाल्या, तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, ती फसवायची नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः वाकून उपटायला लागल्या.

आपला कोका उपटताना डेयानिरा रडली. मी हसलो, तर म्हणाली, घरावरचे पत्रे आणि तुझ्या बहिणीचं कॉलेज याच झाडांनी केलं, निरोप तरी नीट घेऊ दे. मग मीही हसलो नाही.

कराराप्रमाणे दोन गाई यायच्या होत्या. सहा कोंबड्या आल्या. त्यातले दोन कोंबडे निघाले. मिरी मात्र झकास! वेल खांबावर कमरेपर्यंत चढलेत. सोबत फोटो पाठवतो. मिशी मुद्दाम पुढे केली आहे, तुझ्या साहेबांना दाखव. जपून राहा, वेळेवर जेव, आणि आम्हाला विसरली नाहीस हे अधूनमधून कळव.

तुझा दादा,
आर्नुल्फो

सांता क्लारा,
१ सप्टेंबर २००२

चि. लिगियास आशीर्वाद.

गेल्या आठवड्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी विमानं आली. आधी पहाऱ्याची हेलिकॉप्टरं, मागून फवारणीची दोन. आम्ही चादरी हलवल्या, ओरडलो. डेयानिरा तर मिरीच्या ओळीत हात पसरून उभीच राहिली. तिच्या अंगावर पडलं. आता मिरी, केळी, युकाचे कंद, सगळं पिवळं पडून गळून गेलंय. पलीकडच्यांचा कोका हिरवागार आहे.

तक्रार द्यायला मोकोआच्या सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने नकाशा पाहून सांगितलं की त्या दिवशी तुमच्या वस्तीवर विमान गेलेलंच नाही. मी करपलेला वेल त्याच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, रोग पडला असेल. वर हेही म्हणाला की ओढ्यापलीकडे कोका आहे, म्हणजे तुमचा भाग कोक्याचाच धरला जातो. मी विचारलं, विमान आलंच नाही, तर भाग कोणता धरला हा प्रश्न आला कुठून? त्याने माझ्या मागच्या माणसाला हाक मारली.

काकू फाटकाशी येतात. भांडत नाहीत. तुझं पत्र आलं का, एवढंच विचारतात. इंजेक्शन एक दिवसाआड घेतात. लिगिया, काय करायचं ते लवकर कर.

आर्नुल्फो

वॉशिंग्टन,
३ ऑक्टोबर २००२

ती. दादास सा. नमस्कार.

तुझं पत्र मी साहेबांना भाषांतर करून ऐकवलं. त्यांचे डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. त्यांनी लगेच खात्याला फोन लावला. खात्याचं म्हणणं असं की कलम अक्षरशः पाळलं आहे. तक्रारी तपासल्या जातात असं लिहून द्यायचं होतं, ते दिलं. तुझीही तपासली; बाबूने नकाशा पाहिला, तीच तपासणी. पैसे त्याआधीच सुटले होते.

आता पुढचं कसं लिहू? मागच्या आठवड्यात पुढच्या वर्षीच्या मंजुरीची सुनावणी झाली. तुझा फोटो मोठा करून फलकावर लावला होता. आदल्या दिवशी मी साहेबांना म्हणाले की तो मळा आता राहिलेला नाही, फोटो उतरवा. ते म्हणाले, फोटो उतरवला तर रोपांसाठीचे पैसे जातील. विमानांचे कुठे जात नाहीत; ती ज्यांच्या मतदारसंघात बनतात, तेच समितीवर बसलेत. फलक हातात धरून उभी मीच होते, दादा. एकाने विचारलं, हा कोण? साहेब म्हणाले, आपल्या मदतीने सावरलेला शेतकरी. सगळ्यांनी तुझ्या मिशीचं कौतुक केलं. मदत मंजूर झाली, विमानांची वाढवून.

पुढच्या खेपेला कलम आणखी घट्ट लिहीन. नाताळला मी येतेय. दारोदार जाऊन माफी मागेन. काकूंची औषधं घेऊन ठेवली आहेत. वहिनीला कसं आहे ते तिच्या हाताने लिहायला सांग. रागव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
लिगिया

सांता क्लारा,
१७ नोव्हेंबर २००२

चि. लिगियास आशीर्वाद.

औषधं आणू नकोस. ओतिलियाकाकू बुधवारी गेल्या. पाय काळा पडला होता, ताप डोक्यात गेला. खांदा द्यायला मी पुढे झालो, तर त्यांच्या मुलाने हात आडवा धरला. म्हणाला, तुमच्या घराने आमच्यासाठी पुष्कळ केलं. मी मागून चालत गेलो, सगळ्यांच्या शेवटी.

नाताळला तू येऊ नकोस. रागाने सांगत नाही. माफी मागायला दार उघडावं लागतं आणि इथे आता ते कोणी उघडणार नाही. डेयानिराच्या हातावरचे चट्टे बरे आहेत. ती तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. तुझं पत्र आलं की परसात निघून जाते, एवढंच.

फलक धरलास म्हणून मी तुला बोल लावत नाही. तुझी ती नोकरी आहे. कलम घट्ट लिहिणार म्हणतेस, तर लिही. मात्र त्यात आम्हाला धरू नकोस.

ओढ्यापलीकडून मी कोक्याच्या काड्या आणल्या. मिरीच्या खांबांचं सरपण केलं आणि त्याच जागी काल लावून झाल्या. माती ओली आहे, धरतील.

तुझ्यावरची माया तशीच आहे. तिच्याबद्दल मला पुन्हा विचारू नकोस. आणि पुढच्या वर्षी विमानं आली, तर निदान तेव्हा ती चुकून आलेली नसतील.

तुझा दादा,
आर्नुल्फो