वरचा आकडा

प्रिय भिंगरी,

आत्याचं पत्र बघून कपाळाला आठी घालू नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू दोन वाक्यांत 'बरं, ठेवते' म्हणतेस आणि मी मेली आपली हवापाण्याच्या गोष्टी करत राहते. पत्रात निदान तुला माझं बोलणं मधेच तोडता येणार नाही.

इकडे संग्रहालयातून मोठं काम आलं आहे. एका जुन्या इमारतीचा पाया खणताना तांब्याचं भांडं सापडलं. आत चांदीची नाणी, एकमेकांना चिकटून बसलेली. उस्मानी सुलतानांच्या काळातली, दोन्ही बाजूंना अरबी अक्षरं. संग्रहालयाच्या बाईंना एवढंच हवंय, की हे भांडं पुरलं कधी. म्हणजे त्यातलं सगळ्यात नवं नाणं कुठल्या सालचं, ते शोधायचं. दादाशिवाय दुसऱ्या कुणाकडे त्या गेल्याही नाहीत. मी नेहमीसारखी शेजारी बसते. वजन करते, पाकिटात घालते, आणि दिवसभर भावाची बोलणी खाते. खिडकीजवळचं टेबल तेच आहे. वरचं हिरवं कापड विरलं म्हणून मी बदललं, तर महाराज दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जुन्या कापडावर चांदीचा रंग नीट कळायचा म्हणे. चहाचे डाग काय कमी होते त्याच्यावर.

तुला त्याने स्टुलावर उभी करून शिकवलं होतं, आठवतंय? नाण्याच्या एका बाजूला सुलतानाची नक्षीदार सही, दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं गाव आणि खाली साल. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, म्हणून तू हट्टाने शून्यच वाचायचीस आणि त्याला हसू आवरायचं नाही. नवशिका हमखास फसतो ते त्या खालच्या सालाला. ते नाणं पाडल्याचं साल नव्हेच. सुलतान गादीवर बसला ते साल, आणि तो असेपर्यंत प्रत्येक नाण्यावर तेच. नाणं त्याच्या राज्याच्या कितव्या वर्षी पाडलं, तो बारीक आकडा वर, अक्षरांच्या वेलांटीत लपलेला. खालच्यात वरचा मिळवायचा आणि एक वजा करायचा. तू हे पाढ्यासारखं म्हणायचीस. माझ्या आधी तुला जमलं, याचा मला थोडा रागही आला होता.

आता तुला नकोसं वाटेल ते लिहिते. तुझी आई दवाखान्यात होती आणि दादा टेबलाशी बसून होता, हे मीही पाहिलंय. वहिनी गेली त्या आठवड्यात तू त्याला म्हणालीस, मेलेल्या राजांची सालं तोंडपाठ आहेत, पण घरात कोण मरतंय ते कळलं नाही. तो म्हणाला, या घराची पायरी चढू नकोस. तू खोटं बोलली नव्हतीस. पण तो टेबलाशी बसला, कारण त्याला दुसरं कुठे बसावं ते कळत नव्हतं, आणि हे सांगायची अक्कल त्याला नाही. तुम्ही दोघं एकाच मातीची. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही. मधल्या मधे मी जात्यातल्या दाण्यासारखी भरडले गेले.

तर गेल्या महिन्यात मी पाकिटं लावत होते. त्याने लिहिलेल्या चिठ्ठ्या बघितल्या. हिजरी १२२३. पुढची, १२२३. त्याच्या पुढचीही तेच. सगळी नाणी एकाच सालची. खालचं साल तेवढं उतरवलेलं, वरचा आकडा मिळवलेलाच नव्हता. भिंग घेऊन मी स्वतः बघितलं, तर वर कुठे दोन, कुठे सात, कुठे पंधरा, आकडे स्वच्छ दिसत होते. मी मनाची समजूत घातली, वय झालं, नजर गेली असेल. धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिवा मारून बघितलं आणि नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं. चांगली बातमी ऐकून रडू येणारी मी पहिलीच बाई असेन.

घरी आल्यावर मी मुद्दाम एक नाणं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भिंगातून नीट पाहिलं, वरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, हा पंधरा कशाचा. भिंगरी, ज्या माणसाने मला अक्षर न् अक्षर शिकवलं, त्याला मी काय सांगू? मग हळूच सांगितलं. त्याने शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं आणि वा, छान सोय होती म्हणाला.

संग्रहालयाच्या बाईंना मी खरं काय ते सांगून टाकलं. भल्या आहेत. काम काढून घेतलं नाही. तो वाचतो, मी तपासते, शेवटी त्या स्वतः बघतात. त्याला वाटतं काम तोच करतोय, आणि वाटू दे. तेव्हा नाण्यांसाठी तुला बोलावत नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलंय, या विसरण्याच्या आजारात कुठली गोष्ट कधी जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र गेली, ते मला काल कळलं. जेवताना त्याने तुझं नाव घेतलं, अगदी सहज, आणि विचारलं की ती बऱ्याच दिवसांत का आली नाही, कामात आहे का. त्याला ते भांडण आठवतच नाही. तू काय बोललीस, तो काय बोलला, काही नाही. तू त्याला अजून आठवतेस. तेव्हा राग धरायचा असेल तर आता तुला एकटीलाच धरावा लागेल, बाळा. दार उघडायला तोच येतो, बघ जमलं तर.

तुझीच,
आत्या